लठ्ठपणा आजार आहे की हौस? एकदा काय ते ठरवा!

(पोस्ट मोठी आहे. घरात शंभर किलोच्या आसपासचं कोणी असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

तुमच्या फोनवर ही जाहिरात एकदा तरी येऊन गेली असेल. 'ऑपरेशन नाही, डाग नाही. सकाळी या, संध्याकाळी घरी जा. पोटात बलून बसवा, १५ किलो घटवा. सुलभ हप्त्यांची सोय.' खाली आधीचा आणि नंतरचा फोटो. आधीच्या फोटोत बाई रडवेली, नंतरच्या फोटोत लग्नाला निघाल्यासारखी.

आता याच बाईनं बिल विमा कंपनीकडे पाठवलं तर काय उत्तर येतं? 'वजन कमी करण्याची प्रक्रिया पॉलिसीत बसत नाही.' संपला विषय.

म्हणजे विकणारा हा उपचार हौस म्हणून विकतो आणि पैसे देणारा हौस म्हणून नाकारतो. एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या या दोघांचं इथे मात्र पूर्ण एकमत आहे. मधल्या माणसाला मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो, चाळिशीतच जिना चढवत नाही. त्याला कोणीच विचारत नाही.

मी एका जिल्ह्याच्या गावी पोटविकारतज्ज्ञ आहे. दुर्बिणीचं काम करतो. फुगे बसवतो आणि काढतो. दुसरीकडे झालेल्या वजनाच्या ऑपरेशननंतर जठराला गळती लागली, वाट अरुंद झाली, अल्सर झाला की तो पेशंट माझ्यासारख्याकडे येतो. त्यामुळे यात माझा आर्थिक संबंध आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही लिहितोय, कारण गप्प बसून जे चाललंय ते बघवत नाही.

आधी उपचार समजून घेऊ. नाहीतर लगेच 'सगळे डॉक्टर चोर' किंवा 'सगळे जाडे आळशी' सुरू होईल.

वजनाची शस्त्रक्रिया म्हणजे मुख्यतः दोन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते ती केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून आतड्याची वाट बदलतात. दोन्ही उपचार जगभर पारखलेले आहेत. योग्य माणसाला, योग्य हातांनी केले तर मधुमेहापासून हृदयापर्यंत फरक पडतो. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुर्बिणीचे उपचार याहून हलके. एक म्हणजे फुगा. तोंडातून जठरात नेऊन त्यात साधारण अर्धा-पाऊण लिटर सलाईन भरतात. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढायचेच असतात, काही प्रकार वर्षभर चालतात. दुसरा उपचार म्हणजे आतून टाके घालून जठर चुणीदार करायचं, पिशवीची नाडी ओढल्यासारखं. यात काही कापून काढत नाहीत. यालाच एंडोस्कोपिक स्लीव्ह म्हणतात.

हे खोटं आहे का? अजिबात नाही. अमेरिकेतल्या नऊ केंद्रांवर २०९ लोकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. टाके घातलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी १३.६ टक्के घटलं. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटाचं घटलं ०.८ टक्के. गंभीर त्रास सुमारे २ टक्के लोकांना झाला, मृत्यू एकही नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनं या टाक्यांच्या उपकरणाला लठ्ठपणासाठी परवानगी दिली. ११० किलोच्या माणसाचे १५ किलो जाणं ही हौस नाही. त्यातून साखर उतरते, रक्तदाबाची एखादी गोळी सुटू शकते, रात्री झोप लागते.

मग माझं भांडण कशाशी आहे? उपचाराशी नाही. तो ज्या पद्धतीनं विकला जातो आणि ज्या पद्धतीनं नाकारला जातो, त्या दोन्हींशी आहे.

आधी विकणाऱ्यांकडे येतो.

फुग्याचा इतिहास जाहिरातीत कोणी सांगत नाही. अमेरिकेत पहिल्या फुग्याला १९८५ साली परवानगी मिळाली. अल्सर होणं, फुगा फुटून आतड्यात अडकणं अशा तक्रारी आल्या आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. पुढे चांगले फुगे आले. पण २०१७ मध्ये एफडीएनं डॉक्टरांना पत्र पाठवून द्रव भरलेल्या फुग्यांनंतरच्या पाच मृत्यूंची माहिती दिली. जून २०१८ पर्यंत जगभरातला आकडा १२ झाला होता. एवढ्या बसवलेल्या फुग्यांत हा आकडा लहानच आहे आणि प्रत्येक मृत्यूचं कारणही स्पष्ट नव्हतं. पण तिथे निदान कोणीतरी मोजत होतं! मोजलं म्हणून माहितीपत्रकं बदलली आणि डॉक्टर सावध झाले.

आपल्याकडे काय आहे? वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद करणारा मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे. कागदावर छान आहे. पण तुमच्या ओळखीतल्या दहा डॉक्टरांना विचारा, किती जणांनी आयुष्यात एक तरी फॉर्म भरलाय. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये वजनाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्याकडे प्रत्येक फुगा, प्रत्येक स्लीव्ह नोंदवायची सक्ती नाही. रोज किती किलो उतरले याचे रील निघतात, किती जण परत आयसीयूत गेले याची वही नाही.

२०१७ चं आठवतंय? इजिप्तहून एका महिलेला उपचारासाठी मुंबईत आणलं होतं. 'जगातली सर्वात वजनदार महिला' म्हणून चॅनेलांनी दिवसरात्र दाखवलं. क्रेननं उचलतानाची दृश्यं, आज किती किलो, उद्या किती किलो. पुढे नातेवाईक आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला, तिला अबुधाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे ती गेली. दोष कोणाचा, हा माझा विषय नाही. आजारी माणूस म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली ती लागलीच.

आता माझ्याकडचे दोन पेशंट. ओळख पटणार नाही इतकंच सांगतो.

पहिली एक शिक्षिका. मोठ्या शहरातल्या एका सेंटरमध्ये पावणेदोन लाखांच्या पॅकेजवर फुगा बसवला होता. सहा महिन्यांत काढायचा तो. चौदा महिन्यांनी उलट्या होत माझ्याकडे आल्या. 'काढायला का नाही गेलात?' तर म्हणाल्या, 'सर, ज्या मॅडम फोन करायच्या त्यांचा नंबर बंद झाला. सेंटरवर गेले तर काढायचे पैसे वेगळे म्हणाले. म्हटलं, त्रास नाही तर राहू दे.' फुगा काढला, आत जखम होती, औषधांनी भरली. फुटून आतड्यात उतरला असता तर थेट पोट उघडावं लागलं असतं. फुग्यात निळं औषध का घालतात, हेसुद्धा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लघवी निळी-हिरवी झाली तर फुगा फुटला असं समजून त्याच दिवशी धावायचं असतं. पावणेदोन लाखांत हे एक वाक्यही बसलं नाही?

दुसरा, तिशीतला मुलगा. बाहेर स्लीव्ह झाली, तिसऱ्या दिवशी घरी. दहाव्या दिवशी ताप, डाव्या खांद्यात दुखणं, नाडी १३०. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? त्यांच्या हातात धड डिस्चार्ज कार्डही नव्हतं. जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ, टाक्यांची रेष उसवली होती. याला लीक म्हणतात. चांगल्या हातांतही शंभरात एखाद-दोघांना होऊ शकतो आणि बऱ्याचदा तो घरी गेल्यावरच कळतो. मग आमचं काम सुरू होतं. पू बाहेर काढायचा. दुर्बिणीतून आत स्पंज ठेवून तो नळीनं व्हॅक्यूमला जोडायचा आणि दर तीन-चार दिवसांनी बदलायचा. किंवा जाळीचा स्टेंट टाकायचा, किंवा पू आतल्या आत जठरात उतरावा म्हणून छोट्या प्लॅस्टिकच्या नळ्या. या मुलाला सात आठवडे लागले. बरा झाला. पूर्वी अशा पेशंटचं पोट पुन्हा पुन्हा उघडायला लागायचं. आज दुर्बिणीनं अनेकांचं ते टळतं.

पण बिल? पहिल्या रुग्णालयानं सांगितलं, पॅकेज पाच दिवसांचं होतं. विम्याच्या टीपीएनं विचारलं, मूळ ऑपरेशन पॉलिसीत मंजूर होतं का? नव्हतं, मग त्याचं पुढचंही नाही. वडिलांनी घरातलं सोनं गहाण ठेवलं.

पॅकेज! लग्नाच्या हॉलचं असतं तसं. फरक एवढाच की हॉलवाला वाढलेल्या ताटांचे पैसे तरी आधी सांगतो.

आता नाकारणाऱ्यांकडे वळू.

विमा नियामक इर्डानं २०१९ मध्ये कोणत्या गोष्टी वगळता येतील याचे प्रमाणित नियम केले. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया केव्हा द्यायची, तर बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून सोबत ठरावीक चारपैकी एक आजार: लठ्ठपणामुळे खराब झालेले हृदयाचे स्नायू, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह. आणि हो, त्याआधी 'कमी छेदाच्या पद्धती' करून अपयश आलेलं असलं पाहिजे.

पाच फूट तीन इंचाच्या बाईसाठी बीएमआय ३५ म्हणजे साधारण ९० किलो, ४० म्हणजे १०२. तिचं वजन ८५ आहे, साखर ताब्यात नाही, इन्सुलिन चालू आहे, तर काय? थांबा. अजून पाच किलो वाढवा, मग या.

हे ४० आणि ३५ चे आकडे आले कुठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९१ मध्ये ठरवलेले. पोट उघडून शस्त्रक्रिया होत असे त्या काळचे! ते आकडे २०२२ मध्ये या विषयातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी मोडीत काढले. ३५ च्या वर कुठल्याही आजाराशिवाय शस्त्रक्रिया सुचवावी आणि आशियाई लोकांना तर २७.५ पासूनच तो पर्याय द्यावा, असं त्या म्हणतात. कारण आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, पोटाभोवतीची चरबी आपल्याला जास्त बाधते. जग २७.५ वर आलं, आमचा विमा १९९१ मध्ये बसलाय.

आणि नियमातली गंमत बघा. शस्त्रक्रियेआधी कमी छेदाची पद्धत करून बघा, ही अट. फुगा आणि आतले टाके म्हणजे तंतोतंत त्याच पद्धती. त्यांचे पैसे मात्र देणार नाही! त्याच नियमावलीत आधुनिक उपचारांची एक यादी आहे, जे विमा कंपन्यांना नाकारता येत नाहीत. रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, सायनसच्या बलूनचा उपचार आहे. नाकातला फुगा चालतो, पोटातला नाही.

'हे सगळं दिलं तर प्रीमियम वाढेल' असं कंपन्या म्हणतील. बरं. पुढे याच माणसाची अँजिओप्लास्टी, गुडघे बदलणं, डायलिसिस, हे कोण भरतं? तुम्हीच ना? म्हणजे आग लागू द्यायची आणि मग बंबाचे पैसे द्यायचे.

राहिला तुमचा-आमचा नेहमीचा आक्षेप: 'तोंड आवरा ना!'

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष बीएमआय २५ च्या वर आहेत. दर चौथा माणूस एकदम खादाड झाला का? वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा वाचवायला लागतं. हे हार्मोनचं काम आहे, चारित्र्याचं नाही. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये तेल १० टक्के कमी करायला सांगितलं. चांगलंच सांगितलं, सगळ्यांनी करावं. पण ज्याचं वजन १२० किलो झालंय त्याला हे सांगणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. पस्तीस वर्षं सिगारेट ओढलेल्याची बायपास होते तेव्हा कोणी म्हणत नाही, 'तूच ओढलीस, क्लेम नाही.' मग जाड माणसालाच प्रवचन का?

'आता इंजेक्शनं आली की!' आली. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये. उत्तम औषधं आहेत, मी स्वतः लिहून देतो. पण सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांनी उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश वर्षभरात परत मिळवलं, असं त्याच औषधाच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे घ्यायचं तर वर्षानुवर्षं घ्यायचं. कोणाला ते सोसत नाही, कोणाला परवडत नाही, कोणाचं वजन एवढं असतं की तेवढ्यानं भागत नाही. गोळी, इंजेक्शन, दुर्बीण, शस्त्रक्रिया या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. कोणती कोणाला, हे डॉक्टर आणि पेशंटनं बसून ठरवायचं. रीलनं नाही आणि टीपीएच्या क्लार्कनंही नाही.

जाहिरातींबद्दल कायदा नाही असं समजू नका. औषधे आणि जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांच्या अनुसूचीत लठ्ठपणा आहे, स्पष्ट शब्दांत. आणि त्यातली 'औषधा'ची व्याख्या इतकी रुंद आहे की शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करणारी, अन्न सोडून कोणतीही वस्तू त्यात येते. पोटातला फुगा दुसरं काय करतो? शिवाय डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करायची नाही, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहेच. पळवाट अशी की आचारसंहिता डॉक्टरला लागते, कंपनीच्या नावानं चालणाऱ्या सेंटरला नाही. म्हणून रीलमध्ये डॉक्टर कमी आणि इन्फ्लुएन्सर जास्त.

संमतीबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगून ठेवलंय. संमती म्हणजे फॉर्मवरची सही नव्हे. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय, केलं नाही तर काय, हे समजेल असं सांगितल्यावर मिळते ती संमती. टेबलावर झोपवताना इंग्रजी फॉर्मवर घेतलेली सही संमतीत मोडत नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत:

१) इर्डानं १९९१ चे आकडे फेकून भारतीय शरीराला लागू पडणारे निकष आणावेत. दुर्बिणीचे उपचार आधुनिक उपचारांच्या यादीत घ्यावेत.

२) उपचारानंतरच्या गुंतागुंतीचा क्लेम नाकारता येणार नाही, असा स्पष्ट नियम करावा. लीक झालेल्या माणसाला 'मूळ ऑपरेशन मंजूर होतं का' विचारणं ही क्रूरता आहे.

३) प्रत्येक फुगा, प्रत्येक टाका, प्रत्येक स्लीव्ह सक्तीनं नोंदवली जावी. फुगा काढल्याचीही नोंद हवी.

४) पॅकेजमध्ये फुगा काढणं आणि किमान वर्षभराची तपासणी धरलेली असावी. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावणं बंधनकारक केलंय. महापालिका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ते आधी या सेंटरांमध्ये जाऊन तपासावं.

५) १९५४ च्या कायद्याखाली एक तरी गुन्हा नोंदवा. एकच! बाकीची रील रात्रीत गायब होतील.

आणि ज्यांचं हे आधीच झालंय किंवा जे करणार आहेत त्यांच्यासाठी, घरच्यांनाही वाचून दाखवा:

• फुगा काढायची तारीख लेखी घ्या, फ्रिजवर लावा.
• डिस्चार्ज कार्डवर नेमकं काय केलं, कधी केलं, कोणाला फोन करायचा हे असल्याशिवाय घरी जाऊ नका.
• ऑपरेशननंतर ताप, नाडी १२० च्या वर, डाव्या खांद्यात दुखणं, धाप: ही ॲसिडिटी नाही. त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा.
• काही दिवस सतत उलट्या होत असतील तर डॉक्टरांना थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची आठवण करा. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायचं असतं. नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.
• स्लीव्ह किंवा बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि नियमित रक्ततपासणी. जन्मभर. कंटाळा चालणार नाही.

काही सर्जन मित्र म्हणतील, तू आपल्याच लोकांविरुद्ध लिहितोस. नाही. रात्री दोन वाजता पेशंटचा फोन उचलणारे, पंधरा वर्षांपूर्वीच्या पेशंटला दर दिवाळीआधी तपासायला बोलावणारे सर्जन मी पाहिलेत. या हप्तेवाल्या दुकानांनी पहिली बदनामी त्यांची केली आहे. त्यांनी तरी माझ्या बाजूनं बोललं पाहिजे.

लठ्ठपणा आजार असेल तर तो आजारासारखा वागवा: नोंद ठेवा, विमा द्या, गुंतागुंत झाली तर जबाबदारी घ्या. आणि हौसच असेल तर मग जाहिरातीत 'मधुमेहापासून मुक्ती' लिहू नका. दोन्हीकडून खायचं आणि वर पेशंटलाच 'कमी खा' म्हणायचं, हे बंद करा.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा, माझं नाव असलं-नसलं तरी चालेल. तुमचा किंवा घरच्यांचा क्लेम असा नाकारला गेला असेल तर नकाराचं पत्र जपून ठेवा. ती पत्रं एकत्र करूनच इर्डाचं दार ठोठवायचं आहे.